वळ आणि वळण

मुद्रितशोधनाच्या कामात माझी ३२ वर्षं गेली. लेखकाला शंका कळवायच्या तर आम्ही त्या आकडे घालून कळवतो: १. वाक्य अपुरं वाटतं. २. सन तपासावा. स्वतःविषयी लिहायला बसलो तरी हात तसाच चालतो, म्हणून इथेही आकडे आहेत. त्यांच्या क्रमाला फारसा अर्थ नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला साधारण सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत मारलं. धपाटे सगळ्यांनीच खाल्लेले असतात, मी त्याबद्दल बोलत नाही. फूटपट्टी उभी धरून, बोटांच्या पेरांवर, मोजून. कधी कमरेच्या पट्ट्याने. दोनदा रात्रभर माळ्यावर कोंडून. एवढं सांगून तो भाग संपवतो, कारण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या ४२ वर्षांबद्दल.

१. मार थांबतो, कान लावून बसणं थांबत नाही

कऱ्हाडला आमचं घर रस्त्यापासून आत होतं, मध्ये लांब बोळ. अण्णा सरकारी कचेरीत कारकून. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांची सायकल बोळात वळायची. मडगार्ड सैल होतं, त्यामुळे सायकलीच्या आधी तिचा खडखडाट यायचा. ती स्टँडवर लावली की 'खट्' असा एक आवाज. तो आला की संध्याकाळ बरी जायची. भिंतीला टेकवली तर आवाज नाही, आणि आवाज नाही हीच खूण. मग चपला. दोन्ही पाठोपाठ निघाल्या तर ठीक. एक निघाली आणि दुसरी भिरकावली गेली की आम्ही दोघे भाऊ वह्या उघडून बसायचो.

आज मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्टचं दार सरकलं की पावलांवरून मला कळतं कोण आलं, आणि ते माणूस दमलंय की चिडलंय. कचेरीत संपादकांनी खुर्ची कशी ओढली यावरून दिवस कसा जाणार ते मी सांगू शकतो. बायकोला हे माझं कसब वाटायचं. "तुम्हाला कसं हो कळतं?" म्हणायची, आणि मीही कौतुक करून घ्यायचो. पन्नाशीच्या आसपास कुठे लक्षात आलं की बाकीच्यांना हे येत नाही, कारण त्यांना ते शिकावं लागलं नाही. ती माणसं संध्याकाळी सहा वाजता नुसती बसू शकतात. मला अजून जमत नाही. सहाला मी काहीतरी आवरायला घेतो.

२. घरचे एक कारण शोधून ठेवतात आणि ते जन्मभर पुरतं

डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कऱ्हाडही हादरलं. मी जून १९६८ चा. मागून कोणी हाक मारली, भांडं पडलं, की मी असा दचकायचो की हातातलं सांडायचं. आजी म्हणायची, "पोटात असतानाच हादरलंय लेकरू." मामाला, मावश्यांना, शाळेतल्या गुरुजींना, सगळ्यांना ते पटलं. मलाही. चाळिशीपर्यंत हा किस्सा मी लोकांना हसत सांगायचो.

धाकटा भाऊ १९७१ चा. तोही तसाच दचकायचा. त्याच्या वेळी भूकंप कुठला, हे कोणी विचारलं नाही.

३. बरोबर काय यापेक्षा 'वाचणार कोण' हे आधी कळायला लागतं

अण्णा १९४०-५० च्या दशकांत शिकलेले. तेव्हा 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं', 'तूं' असे उच्चारात नसलेले अनुस्वार द्यावे लागत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये सरकारची मान्यता मिळाली आणि ते अनुस्वार गेले. शाळेत आम्हाला नवे नियम. अण्णांना ते साफ नामंजूर. मराठीचं कपाळ पांढरं केलं म्हणायचे.

रोज जेवणाआधी ते आम्हाला शुद्धलेखन घालायचे, वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून. चुका तितक्या पट्ट्या. समोरच्या छापील अग्रलेखात 'घरात' असलं तरी वहीत 'घरांत' हवं. मी 'घरात' लिहिलं की पट्टी. मग त्या धास्तीने शाळेत 'घरांत' लिहिलं जायचं, तिथे गुण कापले जायचे, आणि ते कापलेले गुण घरी दिसले की पुन्हा पट्टी. नऊ वर्षांचा असताना माझ्याकडे दोन मराठी भाषा होत्या. शाळेतून परतताना बोळाच्या तोंडाशी मी मनातल्या मनात शब्दांवर अनुस्वार चढवायचो आणि सकाळी जाताना उतरवायचो.

एक अक्षर लिहायच्या आधी समोरच्याचा चेहरा वाचायचा, ही सवय त्या वहीतली. नंतर ती सगळीकडे पसरली. हॉटेलात वेटरने विचारलं, "काय आणू?" तर मी सोबतच्या माणसाकडे बघतो. एकदा बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की आज आमटीत मीठ कमी आहे." पाहुण्यांसमोर ती हे अभिमानाने सांगायची. नवरा किती गरीब स्वभावाचा! मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण मीठ कमी आहे की नाही हे मला खरोखरच कळत नाही. माझं लक्ष आमटीकडे नसतंच, ती वाढणाऱ्या हाताकडे असतं.

एखादी भाजी आवडते की आवडत नाही हे ठरवायला स्वतःकडे बघावं लागतं. तिकडे बघायची वेळच आली नव्हती. सत्तावन्नाव्या वर्षी मला कळलंय की मला पडवळ आवडत नाही. हा शोध लहान नाही.

४. "मार खाल्लास म्हणून तर घडलास" याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही

हे वाक्य मी कमीत कमी शंभर वेळा ऐकलं असेल, आणि ते खोटं पाडणं अवघड आहे. शुद्धलेखनासाठी मार खाल्ला आणि शुद्धलेखनावरच पोट भरलं. काका म्हणाले, "अण्णाने हात आखडला असता तर तू आज कुठे असतास?" कोणी 'श्यामची आई'चा दाखला देतं. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, तो प्रसंग. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातला तेवढाच प्रसंग लोकांना नेमका पाठ असतो. पुढचं विसरतात: त्याच दिवशी आई त्याच्या अंगावरचे वळ बघते आणि तिचेच डोळे भरतात. आमच्या घरात वळ बघायला कोणी येत नसे.

काकांना मी उत्तर देत नाही, पण माझ्याकडे उत्तर आहे. तेच घर, तीच फूटपट्टी, तोच अग्रलेख. धाकट्याने माझ्यापेक्षा जास्त मार खाल्ला, कारण तो उलट बोलायचा. तो घडला नाही. सात नोकऱ्या सोडल्या, दोन संसार मोडले, आणि २०१५ मध्ये यकृत निकामी होऊन गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. तेराव्याला लोक म्हणाले, "दारूने खाल्लं." खरंच आहे. दारूच्या आधी त्याला काय खात होतं, ते म्हणायला तिथे मी होतो आणि मी गप्प बसलो.

पुढे एका पुस्तकाची मुद्रितं तपासताना अमेरिकेतल्या एका पाहणीबद्दल वाचलं. व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर सान डिएगोमध्ये लठ्ठपणावरचा दवाखाना चालवायचे. वजन उत्तम उतरत असलेली माणसंच मध्येच उपचार सोडून का जातात, हे शोधताना त्यांना कळलं की त्यांच्यातल्या अनेकांवर लहानपणी अत्याचार झाले होते. मग त्यांनी आणि रॉबर्ट आंडा यांनी १७,००० हून अधिक लोकांना बालपणाबद्दल विचारलं. ही चांगल्या घरांतली, विमा उतरवलेली माणसं. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष छापले: ज्यांनी बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसले, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका आघात न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट. पुढे आजारांची यादी होती. त्यात यकृताचे विकार होते. मी तिथे पेन्सिलीने एक रेघ ओढली, काही चूक नसताना. मग खोडरबराने पुसली.

५. पडल्याचं खोटं मूलच जास्त सफाईने सांगतं

माझ्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. १९७९ ची गोष्ट, मी अकरा वर्षांचा. हाड मोडलंय हे तिसऱ्या दिवशी सूज उतरेना तेव्हा कळलं. आई दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" आईने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "झाडावरून पडलो. पेरूच्या." झाड पेरूचं होतं हे सांगायची गरज नव्हती, पण तपशील दिला की लोक पुढे विचारत नाहीत, हे तेव्हाच मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, माझ्या बाकीच्या पेरांकडे पाहिलं, म्हणाले, "जपून चढत जा."

ज्या १९६२ साली आमच्याकडे अनुस्वार गेले, त्याच साली अमेरिकेत डेन्व्हरच्या हेन्री केम्पी आणि सहकाऱ्यांनी एक लेख लिहून डॉक्टरांना सांगितलं होतं की मुलाचं हाड मोडलेलं दिसतं आणि आई-बाप सांगतात ती गोष्ट त्याच्याशी जुळत नाही, तेव्हा गोष्टीवर विश्वास ठेवू नका, एक्स-रेवर ठेवा. आणि माझी करंगळी मोडली त्या साली स्वीडनने घरातही मुलांना मारण्यावर बंदी घातली, जगात पहिल्यांदा. आमच्या बोळात यातलं काहीच पोहोचलं नव्हतं. अनुस्वार गेल्याची बातमीसुद्धा.

अडतिसाव्या वर्षी रक्तदाब. रात्री दात खाण्याची सवय, त्याने दोन दाढा गेल्या. डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला बीपी?" मी हो म्हणतो. खोटं नाही ते.

६. आईवरचा राग सर्वांत उशिरा येतो

अण्णांनी पट्टी उचलली की आई स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्हला पंप मारायची. पितळी स्टोव्ह, फरफर मोठा आवाज करायचा. पन्नास वर्षं मी समजत होतो की ती स्वयंपाक करत होती.

७. आपला हातही उगारला जातो

मुलगी सहा वर्षांची असताना तिने टेबलावरच्या मुद्रितांवर दूध सांडलं. सकाळी छापखान्यात द्यायची होती. माझा हात वर गेला. मी नेला नाही, गेला. खांद्यापासून पूर्ण वर, तळवा उघडा. तिने वर पाहिलं आणि उडी मारून त्या तळव्यावर टाळी दिली.

उगारलेला हात म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मला वाटायचं माझ्यात राग नाहीच. मित्र मला 'थंड डोक्याचा' म्हणतात. राग होता, आणि त्याला वाट तंतोतंत अण्णांची माहीत होती. त्यानंतर मी तिला मारलं नाही हे खरं, पण तिच्यावर कधी रागावलोही नाही, आणि तेही फार चांगलं झालं असं नाही. विसाव्या वर्षी ती मला म्हणाली, "बाबा, तू कधी चिडतच नाहीस. कळतच नाही की तुला फरक पडतो की नाही."

८. आपल्याकडे यासाठी शब्द आहेत, पण ते सगळे मारणाऱ्याच्या बाजूचे आहेत

शेहेचाळिसाव्या वर्षी समुपदेशकाकडे गेलो. अण्णा नुकतेच गेले होते आणि मला संध्याकाळी सहाला रडू यायचं. तिने विचारलं, "लहानपणी अत्याचार झाला होता का?" मी ताबडतोब नाही म्हणालो. अत्याचार म्हणजे बातमीतला, पोलीस येतात तो. आमच्याकडे जे होतं त्याला शिस्त म्हणायचे. धाक. वळण लावणं. पोराला हाताखालून काढणं. मुद्रितशोधक असल्यामुळे त्या दिवशी घरी येताना रिक्षात लक्षात आलं: वळ आणि वळण, मध्ये एका अक्षराचा फरक. इतकी वर्षं मी ती चूक पकडली नव्हती.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यावरचा एक लेख माझ्याकडे तपासायला आला. त्यात लिहिलं होतं की तीनातल्या दोन मुलांना मारहाण झालेली, आणि घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच. मी समासात लिहिलं, 'टक्केवारी फार वाटते, तपासावी.' लेखकाचं उत्तर आलं: 'तपासली, बरोबर आहे.' ज्याच्या करंगळीत पुरावा आहे त्यालाही आकडा जास्त वाटला.

९. 'माफ केलंस का?' या प्रश्नाला उत्तर असलंच पाहिजे असं नाही

२०११ मध्ये अण्णांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात अर्धा. पुढची तीन वर्षं ते माझ्याकडे होते. मी त्यांना अंघोळ घातली, भरवलं. नातेवाईक म्हणायचे, "श्रावणबाळ." ते प्रेम होतं की भीती की नुसती सवय, मला सांगता येणार नाही. तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, लिहिण्याचा सराव करून घ्या, सोपी वाक्यं सांगा. म्हणजे मी शुद्धलेखन घालायचं आणि त्यांनी लिहायचं. पहिलं वाक्य सांगितलं, "घरात पाणी आहे." त्यांनी पाच मिनिटं घेऊन लिहिलं, 'घरांत'. अनुस्वाराचा तो ठिपका त्यांनी इतका जपून दिला की पेन्सिलीचं टोक मोडलं. पुढे 'पाणी'पाशी अडले. ण की न, आठवेना. माझ्याकडे पाहिलं आणि डावा तळवा हळूच त्या शब्दावर ठेवला.

तो तळवा माझा होता. मी असाच ठेवायचो.

मी म्हणालो, "बरोबर आहे, अण्णा." पुढचं वाक्य सांगितलं.

१०. विरजणाची वाटी

बोळातल्या भिंती एकमेकींना लागून होत्या, सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. एक काका रेडिओ मोठा करायचे. मारणाऱ्या बापाला कोणी काही म्हणत नसे. तो त्याच्या घरचा प्रश्न. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली, पण घराच्या उंबऱ्याशी आजही माणसं थबकतात.

पलीकडे एक आजी राहायच्या. शुद्धलेखन ऐन रंगात आलं की कधीकधी दारात त्यांचा आवाज: "विरजण आहे का गं थोडं?" अण्णांना पट्टी खाली ठेवावी लागायची. आजी वाटी घेऊन उंबऱ्यावर टेकायच्या, पावसाचं बोलायच्या, ज्वारीच्या भावाचं बोलायच्या, उठायचं नावच काढायच्या नाहीत. मला वाटायचं, काय चिकट म्हातारी आहे. त्यांच्या दारात म्हैस बांधलेली असायची. आम्हीच त्यांच्याकडून दूध घ्यायचो. म्हैस असलेल्या घरात विरजण कसं संपेल, हे मला त्या गेल्यावर वीसेक वर्षांनी सुचलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं. मुलगा आठेक वर्षांचा. पहिल्याच आठवड्यात छतातून आवाज आला. रडण्याचा नव्हता, त्या वयाची मुलं मार खाताना रडत नाहीत, ती मोजतात. खुर्ची सरकली, मग शांतता, मग पुन्हा. बायकोला काहीच ऐकू आलं नाही. मी अकरा दिवस गप्प बसलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, आणि आवाज आला की उठून काहीतरी आवरत होतो.

बाराव्या दिवशी वाटी घेऊन वर गेलो. घंटा वाजवली. बापाने दार उघडलं, घामाघूम. मी म्हणालो, "विरजण मिळेल का थोडं?" मग पावसाचं बोललो. तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या दंडावर वळ दिसला तेव्हा १०९८ ला फोन केला. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मुलांची हेल्पलाइन. फोन करणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. माझा आवाज इतका कापत होता की पलीकडच्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही ठीक आहात ना?" नंतर दोन माणसं येऊन बोलून गेली, पुन्हाही आली. आवाज कमी झालाय. थांबलाय म्हणण्याइतकी मला खात्री नाही. बाप लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाही.

वाटी घेऊन मी अजून जातो, आठवड्यातून दोनतीनदा, सहाच्या सुमारास. परवा मुलानेच दार उघडलं. "काका, तुमच्याकडे रोज दही लागतं?"

"रोज," मी म्हणालो.

तो आत गेला आणि वाटी काठोकाठ भरून घेऊन आला. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली होती. खाली येऊन मी फ्रिज उघडला. आत चार वाट्या होत्या. पाचवी ठेवायला भाजीचा डबा सरकवला.